व्हिसा लागत नाही, पण कागद लागतो: नेपाळला निघालेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

कऱ्हाड परिसरात मी तिकिटं, पासपोर्टचे अर्ज आणि यात्रांची बुकिंगं अशी कामं करतो. हे प्रकरण 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीतलं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, घरातली नाती तेवढी ठेवली आहेत. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढचं अर्धं वाक्य माहीत नसल्याने दर वर्षी किती तरी कुटुंबांतलं कोणी ना कोणी विमानतळावरून परत फिरतं. म्हणून सगळं तपशिलात मांडतो.

पार्श्वभूमी

आजींचं वय 72. बारा ज्योतिर्लिंगांपैकी शेवटचं केदारनाथ त्यांनी दोन वर्षांपूर्वी केलं. आपल्याकडे श्रद्धा अशी की केदारनाथाला देवाची पाठ आणि पशुपतिनाथाला मुख, त्यामुळे काठमांडूला गेल्याशिवाय केदारचं दर्शन पुरं होत नाही. तेव्हापासून त्यांचं एकच, ‘गुडघे चालतायत तोवर पशुपतिनाथ दाखवा.’

जाणारे सहा जण होते. आजी, त्यांचा मुलगा (मी त्यांना भाऊ म्हणतो), सूनबाई म्हणजे वहिनी, अकरावीतला सतरा वर्षांचा थोरला नातू, तेरा वर्षांची धाकटी नात आणि आजींची मुलगी. ही ताई न्यू जर्सीत राहते आणि अमेरिकेची नागरिक झालेली आहे. दिवाळीला ती येणार होती, तेव्हाच सगळ्यांनी मिळून जायचं ठरलं.

भाऊ सहकारी साखर कारखान्यात आहेत. त्या वर्षी गळीत हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता, म्हणजे त्याआधी परतणं भाग होतं. भाऊबीज 3 तारखेला, म्हणून 5 नोव्हेंबरला मुंबईहून काठमांडू आणि 11 ला परत, अशी तिकिटं त्यांनी स्वतःच मोबाइलवरून काढली. रद्द केली तर हाती फारसं काही येणार नाही, अशा भाड्याची. माझ्याकडे ते आले अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, 18 सप्टेंबरला, काठमांडूतल्या हॉटेलासाठी. हाताशी अठ्ठेचाळीस दिवस होते.

मी सवयीने विचारलं, ‘सगळ्यांची ओळखपत्रं?’ भाऊ म्हणाले, ‘सहाही जणांची आधार कार्डं आहेत की. ताईचं तर ओसीआयसुद्धा आहे.’ ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड.

मोकळी सीमा म्हणजे नेमकं काय

भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी काठमांडूत शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि ये-जा याबाबत समान सवलती देण्याचं मान्य केलं. आपण व्हिसा न काढता पोखऱ्याला जातो आणि नेपाळी माणूस तसाच पुण्याच्या हॉटेलात कामाला येतो, त्यामागे ही परस्पर मुभा आहे.

यातला कळीचा शब्द ‘नागरिक’. सवलत नागरिकत्वाला आहे, म्हणून सोबतच्या कागदाने नागरिकत्व सिद्ध व्हायला हवं. सुनौली किंवा रक्सौलला पायी सीमा ओलांडताना हे जाणवत नाही, तिथे बहुतेकांना कोणी थांबवत नाही. विमानाचं तसं नसतं. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या विमानाचं अपहरण झालं, त्यानंतर या मार्गावरची ओळखपत्रांची तपासणी कडक झाली. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाला वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं.

आधार का चालत नाही, हे मला जवळजवळ रोज समजावून सांगावं लागतं. भारतात गेल्या वर्षभरात 182 दिवस किंवा जास्त राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. 2016 च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच म्हटलं आहे की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. मतदार मात्र नागरिकच असतो, म्हणून ते कार्ड चालतं. हे एकदा समजलं की यादी पाठ करावी लागत नाही. पॅन का नाही, ड्रायव्हिंग लायसन्स का नाही, याचं उत्तर आपोआप मिळतं.

वयाच्या दोन्ही टोकांना सूट आहे. पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना वय आणि ओळख पटवणारं कोणतंही फोटोचं सरकारी ओळखपत्र पुरतं, त्यात आधारही आलं. पंधरा ते अठरा या वयातल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं.

अडचण कुठे होती

त्या संध्याकाळी मी प्रत्येकाचा एक कागद मांडला आणि समोर काय आहे, काय नाही ते लिहिलं.

आजींचे कागद सगळ्यांत पक्के निघाले. त्यांनी एकही मतदान चुकवलेलं नाही, कार्ड जुनं पण धडधाकट. शिवाय वय 72, म्हणजे आधारही पुरेसं. भाऊंचं मतदार कार्ड पाकिटातच होतं. धाकटीला आधार पुरेसं होतं, जोडीला जन्मदाखला घ्यायला सांगितला. थोरल्याला कॉलेजचं प्रमाणपत्र हवं होतं.

ताईचा प्रश्न वेगळा. ओसीआय कार्ड ही भारत सरकारने दिलेली भारतापुरती सोय आहे. तिच्यावर भारतात केव्हाही ये-जा करता येते, पण त्यामुळे कोणी भारतीय नागरिक होत नाही, आणि नेपाळच्या दृष्टीने ताई अमेरिकन. तिला व्हिसा लागणार होता. फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, ‘माझा जन्म कऱ्हाडचा, शाळा कऱ्हाडची, आईबरोबर देवाला चाललेय, आणि रांगेत मी एकटी परकी?’ तिला तसं वाटणं मला पूर्ण समजतं. पण करार जन्मगाव बघत नाही, हातातला पासपोर्ट बघतो. व्यवहारात तिचं काम सोपं होतं. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, पंधरा दिवसांचे 30 डॉलर. अर्ज आधी ऑनलाइन भरून त्याची प्रत बरोबर ठेवता येते.

खरी अडचण वहिनींची होती.

वहिनींचं वय 44. त्यांनी मतदार कार्ड आणलं होतं, पण ते माहेरचं, सांगली जिल्ह्यातल्या गावचं. त्यावर वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव आणि पहिलं नावही वेगळं. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं, तेव्हापासून त्या सासरच्या नावाने ओळखल्या जातात. आधार, पॅन, बँक, बचत गट, सगळीकडे नवीन नाव. विमानाचं तिकीटही त्याच नावाचं.

मी त्या कार्डाचा क्रमांक मतदार यादीत शोधला. नोंद सापडली नाही. लग्नानंतर कधी तरी तिथून नाव वगळलं गेलं होतं. मग सासरच्या गावची यादी पाहिली. तिथे त्या नवीन नावाने, नवीन क्रमांकाने होत्या. गेल्या तीन निवडणुकांत मतदानही केलं होतं, आधार दाखवून. त्या क्रमांकाचं कार्ड मात्र घरी कधी पोचलंच नव्हतं. म्हणजे हातात होतं ते कार्ड मेलेलं, आणि जिवंत होतं ते हातात नव्हतं.

वहिनींनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘मी राहते घरी. तुम्ही सगळे जाऊन या. कुणी तरी गुरांकडे बघायला हवंच.’ भाऊंनी मान खाली घातली. आजी मात्र ताडकन म्हणाल्या, ‘तू नाही, तर मीही नाही.’ त्यानंतर घरी राहण्याचा विषय कुणी काढला नाही.

पुढे आलेले पर्याय

पहिला विचार रस्त्याचा झाला. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीला सीमा ओलांडून बसने काठमांडू. कागदांच्या बाजूने हा सगळ्यांत सोपा मार्ग, आणि भाऊंच्या ओळखीतले बरेच जण तसे जाऊन आलेले. पण 23 ऑगस्टलाच जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस नेपाळच्या तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळून पंचवीसहून अधिक माणसं गेली होती. महिनाही झालेला नव्हता, भुसावळ-वरणगावच्या घराघरांतले ते फोटो सगळ्यांनी पाहिले होते. त्याआधी जुलैत नारायणगढ-मुगलिन रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत गेल्या होत्या. आणि आमचा विचार चालू असतानाच सप्टेंबरच्या शेवटी नेपाळात अतिवृष्टी झाली, दोनशेच्या वर माणसं दगावली, काठमांडूत येणारे रस्ते तुटले. बहात्तर वर्षांच्या बाईंना त्या रस्त्याने न्यायचं नाही, यावर एकमत झालं.

रस्त्याच्या मार्गात ताईसाठी आणखी एक धोका होता, तो फार कमी लोकांना माहीत असतो. सीमा मोकळी असल्याने गर्दीबरोबर चालत माणूस नकळत पलीकडे पोचतो. परदेशी नागरिकाने मात्र आपल्या बाजूच्या इमिग्रेशन कार्यालयात बाहेर पडल्याचा शिक्का आणि नेपाळच्या बाजूला व्हिसा घ्यायलाच हवा. तो राहिला तर परतताना मोठा घोळ होतो.

दुसरा पर्याय कुटुंब-सवलतीचा. इमिग्रेशनच्या सूचनांमध्ये अशी तरतूद आहे की कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटो आणि नातं दाखवणारा दुसरा पुरावा चालू शकतो. रेशन कार्ड, लायसन्स असं काही. भाऊंचं कार्ड, वहिनींचं आधार आणि रेशन कार्ड एवढ्यावर भागलं असतं. भाऊंना हाच मार्ग पटत होता. खर्च नाही, धावपळ नाही.

मी विमान कंपनीला ईमेल करून विचारलं. उत्तर आलं की काउंटरवर प्रौढ प्रवाशाचा मूळ पासपोर्ट किंवा मूळ मतदार कार्ड पाहिलं जाईल. सवलतीचा त्यात उल्लेख नव्हता. नियमात असलेली गोष्ट काउंटरवर मिळेलच असं नाही, हे मी या कामात बऱ्याचदा पाहिलं आहे. अपुऱ्या कागदांचा प्रवासी पोचला तर परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून काउंटरवरचा माणूस नेहमी कडक बाजू घेतो. पहाटे तीन वाजता, मागे रांग असताना, त्याच्याशी सूचनांच्या परिच्छेदावरून वाद घालायची वेळ मला वहिनींवर येऊ द्यायची नव्हती. ही सवलत आम्ही अगदी शेवटचा आधार म्हणून ठेवली.

तिसरा पर्याय म्हणजे फॉर्म 8 भरून सासरच्या नोंदीचं बदली कार्ड मागवणं. चौथा, तत्काळ पासपोर्ट. त्याची फी साडेतीन हजार, साध्या अर्जाला दीड हजार. पासपोर्टात माझी एक शंका होती. अर्जात सरळ विचारलेलं असतं की तुम्ही कधी नाव बदललं आहे का. वहिनींना ‘हो’ लिहावं लागणार आणि मग पुराव्याचा प्रश्न येणार. लग्न गावात मांडवात झालेलं, नोंदणी कुणी केली नव्हती. आता ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांकडे उशिराची नोंदणी करायची, तर त्यातही दिवस जाणार.

प्रत्यक्षात काय केलं

19 सप्टेंबरला वहिनींच्या मोबाइलवरून फॉर्म 8 भरला. फुकट होतं आणि त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं.

पासपोर्टचा अर्जही त्याच दिवशी टाकावा असं माझं म्हणणं होतं. पण 18 तारखेलाच पितृपक्ष लागला होता. आजी म्हणाल्या, ‘देवाच्या कामाची सुरुवात पितरांच्या पंधरवड्यात नको. घटस्थापनेला करू.’ घटस्थापना होती 3 ऑक्टोबरला. मी एकदा सांगून पाहिलं, मग गप्प बसलो. त्यांच्या श्रद्धेत आपण ढवळाढवळ करू नये असं मला वाटलं. हा या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय, आणि त्यात मी कमी पडलो. त्याबद्दल पुढे लिहितो.

मधल्या दोन आठवड्यांत विधानसभा निवडणुकीची चाहूल लागली. गावच्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, मी दोनदा फोन केला. नव्या मतदारांच्या अर्जांचा ढीग पडला होता, बदली कार्डं त्यामागे. ते बिचारे स्वतः अंगणवाड्यांपासून वाड्या-वस्त्यांपर्यंत फिरत होते. दिवाळीआधी कार्ड हातात पडेल हे त्यांना सांगता येईना. म्हणजे पासपोर्टशिवाय मार्ग नव्हता, आणि नावाच्या पुराव्याचं कोडं सुटलेलं नव्हतं.

ते सुटलं एका साध्या प्रश्नाने. 2 ऑक्टोबरला, सर्वपित्रीच्या दिवशी, मी वहिनींना विचारलं, ‘दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे याआधी कुणाला दाखवावं लागलंय का?’ त्या लगेच म्हणाल्या, ‘हो की. वडील गेले तेव्हा.’ वडिलांच्या जमिनीवर वारस नोंद होताना सातबाऱ्याला माहेरचं नाव आणि आधारला सासरचं, म्हणून तलाठ्यांनी अडवलं होतं. तेव्हा भावाने धावपळ करून राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात दिली होती. पुढे वहिनींनी हक्कसोड करून दिलं आणि कागद विस्मरणात गेला. त्यांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. खाली पैठणी, तिच्यावर मुलांच्या लसीकरणाची पिवळी कार्डं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत चौपदरी घडी घातलेली महाराष्ट्र शासन राजपत्राची प्रत. घडीवर कागद विरत आला होता. ओळ मात्र स्वच्छ वाचता येत होती, जुनं नाव आणि नवं नाव शेजारी-शेजारी.

ज्या कागदाने त्यांनी माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला, त्याच कागदाने आता त्यांना देशाबाहेर जाता येणार होतं. त्या वेळी मला बोलायला काही सुचलं नाही.

3 ऑक्टोबरला घट बसल्यावर दुपारी अर्ज भरला. पुण्याच्या मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात 8 तारखेची वेळ मिळाली. आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि राजपत्र, सगळ्यांच्या मूळ प्रती घेऊन आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो. दुसऱ्या काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी राजपत्र उलगडून पाहिलं आणि विचारलं, ‘हे आधीचं नाव तुमचंच?’ वहिनी म्हणाल्या, ‘हो साहेब, दोन्ही मीच.’ एवढंच. दीड तासात बाहेर. तत्काळमध्ये त्यांच्या बाबतीत पोलिस पडताळणी नंतर व्हायची होती, त्यामुळे छपाई अडली नाही. 15 ऑक्टोबरला दुपारी पोस्टमन पासपोर्ट देऊन गेला, त्याच दिवशी निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागली. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव मी अक्षर-अक्षर जुळवून पाहिलं. जुळत होतं.

थोरल्याचं प्रमाणपत्र मी सोपं समजलो आणि तिथेच आम्ही थोडक्यात वाचलो. कॉलेजच्या कार्यालयाने नेहमीचा बोनाफाईड दाखला दिला. त्यावर फोटो नव्हता, जन्मतारीखही नव्हती. 24 ऑक्टोबरला फाइल लावताना हे माझ्या लक्षात आलं. कॉलेज 28 पासून दिवाळीसाठी बंद होणार होतं. नमुना छापून भाऊ स्वतः प्राचार्यांकडे गेले. फोटोवर अर्धी सही, अर्धा शिक्का, जन्मतारीख, वर्ग, पत्ता असं प्रमाणपत्र शनिवारी, 26 तारखेला हाती आलं. आणखी दोन दिवस गेले असते तर सतरा वर्षांचा मुलगा घरी राहिला असता.

पैशांबद्दल एक सूचना मी सगळ्यांनाच देतो. त्या वेळी नेपाळात शंभरपर्यंतच्याच भारतीय नोटा चालत होत्या, पाचशेच्या नाहीत. भारतीय शंभर म्हणजे नेपाळी एकशे साठ, हा दर 1993 पासून बांधलेला आहे. भाऊंनी बँकेतून शंभराची बंडलं घेतली. ताईने 30 डॉलर रोख वेगळ्या पाकिटात ठेवले.

विमानतळावर

मी बरोबर गेलो नव्हतो, भाऊ फोनवर सांगत होते. चेक-इन काउंटरवर वहिनींचा पासपोर्ट घेतला आणि परत दिला, दहा सेकंदांत. आजींचं कार्ड आणि आधार दोन्ही पाहिली. अडलं ते थोरल्याच्या प्रमाणपत्राशी. काउंटरवरच्या मुलीने ते आधी कधी पाहिलं नव्हतं, तिने वरिष्ठांना बोलावलं. वीसेक मिनिटं गेली. भाऊंनी मी छापून दिलेली सूचनांची प्रत पुढे केली, वरिष्ठांनी वाचली, मुलाचं कॉलेजचं ओळखपत्र आणि आधार ताडून पाहिलं आणि बोर्डिंग पास दिला. आई-वडील दोघंही बरोबर होते, याचाही उपयोग झाला असणार.

काठमांडूत पाच जण भारतीयांच्या रांगेतून कागद दाखवून पुढे गेले. ताई व्हिसाच्या रांगेत. अर्ज भरलेला होता, तरी पाऊण तास लागला. आजी पट्ट्याशेजारच्या खुर्चीवर तिची वाट बघत बसून राहिल्या. बॅगा आल्या तरी उठल्या नाहीत.

निष्पत्ती

7 नोव्हेंबरला पहाटे सगळ्यांनी पशुपतिनाथाचं दर्शन घेतलं. 11 ला परतले. ताईने मुंबईत उतरल्यावर अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दाखवलं, तिला काही अडचण आली नाही. कागदांवरचा थेट खर्च म्हणजे वहिनींचे साडेतीन हजार, पुण्याची एसटी आणि ताईचे तीस डॉलर.

20 नोव्हेंबरला मतदान झालं. वहिनींनी नेहमीप्रमाणे आधार दाखवून मत दिलं. तेव्हा त्यांच्या मुलीने मला फोन करून विचारलं, ‘काका, विमानाला आधार चालत नाही, मग मतदानाला कसं चालतं?’ फार चांगला प्रश्न. मतदान केंद्रावर नागरिकत्व आधीच ठरलेलं असतं, ते यादीतल्या नावाने. तिथे फक्त समोरची व्यक्ती तीच आहे ना, एवढं बघायचं असतं आणि ते काम आधार करतं. विमानतळावर अशी यादी कुणाच्या हातात नसते, म्हणून कागदालाच दोन्ही कामं करावी लागतात.

पुन्हा करायचं झालं तर

पितृपक्षाच्या वेळी मी गप्प बसलो, ते चुकलं. श्रद्धा मोडायला सांगायची गरजच नव्हती. अर्ज घटस्थापनेला भरायचा, पण कागद शोधणं, नावं ताडणं, कॉलेजचा नमुना मिळवणं हे कोणत्याही दिवशी करता येण्यासारखं होतं. मी आजींना तसं समजावलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं, याची मला खात्री आहे. राजपत्र चौदा दिवस आधी सापडलं असतं आणि साध्या अर्जावरही भागण्याची शक्यता होती, दोन हजार वाचले असते. राजपत्र सापडलं नसतं तर मात्र तेच चौदा दिवस विवाह नोंदणीला लागले असते आणि आम्ही खरोखर अडकलो असतो. ते नशिबाने टळलं.

प्रश्न विचारण्याची माझी पद्धतही बदलली आहे. ‘ओळखपत्र काय आहे’ असं विचारलं की लोक आधार पुढे करतात. आता मी लग्न झालेल्या प्रत्येक बाईला आधी विचारतो, पहिलं नाव बदललं होतं का, आणि बदललं असेल तर जमीन, बँक किंवा पेन्शनच्या कामात ते कुठे सिद्ध करावं लागलं होतं का. आपल्याकडे नाव बदलायची रीत घराघरांत आहे, पण तिचा कागद करायची रीत नाही. आणि त्याचा भार दर वेळी बाईवरच पडतो. वहिनींनी ‘मी राहते घरी’ किती पटकन म्हटलं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशी आजी बोलल्या नसत्या तर बहुधा तसंच झालं असतं.

थोरल्याचाही पासपोर्टच काढायला हवा होता. अठराखालच्यांची साधी फी हजार रुपये आहे. प्रमाणपत्र नियमात बसतं, पण काउंटरवर ते ओळखणारा माणूस भेटेल याची हमी नसते.

तिकिटांचं मात्र मी आजही कुणाला ठामपणे सांगू शकत नाही. भाऊंनी आधी तिकिटं काढली म्हणून ती स्वस्त मिळाली, आणि तिकिटं काढलेली होती म्हणूनच सगळे पेटून कामाला लागले. कागद आधी, तिकीट नंतर, हे बरोबरच. पण तसं केलं असतं तर ही यात्रा पुढच्या वर्षावर गेली असती का, आणि पुढच्या वर्षी आजींचे गुडघे साथ देतील का, हे दोन्ही प्रश्न तिथे होते.

वहिनींचं मतदार कार्ड नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टाने आलं, नवीन नावाचं, नवीन फोटोचं. त्यांनी मला फोन करून नाव वाचून दाखवलं आणि बरोबर आहे ना, असं दोनदा विचारलं. मग कार्ड, पासपोर्ट आणि राजपत्र एकाच पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं, या वेळी पैठणीच्या वर.